प्रतिजैविकाची चाचणी आणि न्यायशास्त्रातील उपाधी

प्रयोगशाळेत जंतूची वाढ रोखणारी औषधाची मात्रा रोग्याच्या रक्तातही ती रोखेल, हे अनुमान आहे. ते कितपत टिकते, हा प्रश्न वैद्यकाइतकाच प्रमाणशास्त्राचाही आहे.

कल्चर-सेन्सिटिव्हिटी चाचणीचे मूळ तत्त्व एकच असते. प्रमाण पद्धतीत म्यूलर-हिंटन द्रवात औषधाच्या चढत्या मात्रा घेऊन जंतू सोडतात. १६ ते २० तासांनंतर ज्या सर्वांत कमी मात्रेत वाढ दिसत नाही, ती एमआयसी. या द्रवात रक्तातले अल्ब्युमिन नसते, त्यामुळे औषध जवळजवळ सगळे मोकळे राहते. रक्तात मात्र त्याचा काही भाग अल्ब्युमिनला बांधला जातो आणि जंतूवर परिणाम फक्त मोकळा भाग करतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ८५ ते ९५ टक्के बांधले जाते, जेन्टामायसिन फार थोडे. समजा, एमआयसी २ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि रक्तात औषध ८ आहे. त्यातले ९० टक्के बांधलेले असेल, तर मोकळे उरते अवघे ०.८, म्हणजे एमआयसीपेक्षा कमी, आणि अनुमान फसते.

अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्रावरील ग्रंथात असा दोष ज्या लपलेल्या अटीमुळे येतो, तिला नाव आहे: उपाधी. जिथे अग्नी तिथे धूर, हे अनुमान सदोष ठरते, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धुराला ओले इंधन लागते. ते इंधन ही उपाधी. चुलीत अग्नी आणि ओले इंधन एकत्र दिसत असल्याने ती नजरेतून सुटते. परीक्षानळी ही अशी चूल आहे आणि रक्त हा लोखंडी गोळा. ‘पुरेशी मात्रा’ हा हेतू (ज्यावरून अनुमान करायचे तो), ‘वाढ थांबणे’ हे साध्य (जे सिद्ध करायचे ते) आणि ‘औषधाचे मोकळेपण’ ही उपाधी.

उपाय न्यायशास्त्रच सुचवते: उपाधी हेतूतच सामावून घ्यावी. ओल्या इंधनाशी जोडलेला अग्नी म्हटले की धुराचे अनुमान निर्दोष होते. तसेच एकूण मात्रेऐवजी मोकळी मात्रा एमआयसीशी ताडून पाहावी. जंतू ‘संवेदनशील’ की ‘प्रतिरोधी’ हे सांगणाऱ्या सीमा ठरवताना हा विचार केला जातो. द्रवात मानवी सीरम मिसळण्याचा मार्गही आहे, पण सीरममधील पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिने स्वतःच काही जंतू मारतात आणि नवी उपाधी उभी राहते.

औषधाचे अल्ब्युमिनशी असलेले बंधनही कायमचे नसते. मोकळे औषध निघून गेले की बांधलेले सुटते. अल्ब्युमिन घटलेल्या रोग्यात मोकळा अंश वाढतो, पण त्याचा निचराही लवकर होऊ शकतो. म्हणून एमआयसी हे खरे ज्ञान आहे, पण विशिष्ट अटींमधले. त्या अटी ओळखल्या तरच त्यावरून रोग्याविषयी अनुमान करता येते.