न मागितलेली ऊब



नाताळ जवळ आला की आपल्या नाशिक जिल्ह्यात थंडी जोर धरू लागते. निफाडची थंडी तर प्रसिद्धच आहे. २०१८ च्या डिसेंबरअखेर तेथील पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. अशा रात्री द्राक्ष बागायतदाराला झोप लागत नाही. तापमान १० अंशांच्या खाली गेले की वेलीची वाढ मंदावते, मण्यांची फुगवण थांबते. कडाका वाढला तर मणी तडकतात. म्हणून पहाटे उठून तो बागेला पाणी देतो. विहिरीचे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन दिवसाची उष्णता रात्री हळूहळू सोडते. बागेत जागोजागी शेकोट्या पेटतात. रोपवाटिकेत संध्याकाळी शेडचे पडदे सोडले जातात आणि सकाळी ऊन आले की आठवणीने वर केले जातात. नाहीतर आत दमटपणा साचून रोपे कुजतात.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वेल कधी ‘मला थंडी वाजते’ असे सांगत नाही. शेतकरीही तिच्या सांगण्याची वाट पाहत नाही. तो पान पाहतो, आभाळ पाहतो, पारा पाहतो आणि आधीच उठतो.

माणसांच्या बाबतीत मात्र आपली रीत वेगळी असते. पेठ, सुरगाण्याकडून मजूर कुटुंबे द्राक्षाच्या कामाला येतात. त्यांतील कित्येक बांधाच्या कडेला प्लॅस्टिकचा कागद टाकून लेकराबाळांसह राहतात. शेकोटी वेलींसाठी पेटते, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर एखादे मूल कुडकुडत असते. आपल्याच घरात पडवीत झोपणाऱ्या आजीचे पांघरूण विरलेले असते. विचारले तर आपण सहज म्हणतो, ‘मागितले असते तर दिले नसते का?’

यावर कोणी म्हणेल, वेल मुकी आहे, माणसाला तोंड आहे. शिवाय बाग गेली तर कर्ज डोक्यावर बसते आणि मजुराची मजुरीही बुडते. हे खरेच आहे. बाग जपण्यात काहीच गैर नाही. पण तोंड असले म्हणजे मागता येतेच असे नाही. ज्याच्याकडून मजुरी घ्यायची त्याच्याकडे घोंगडी कशी मागायची? ज्या सुनेच्या हातचे जेवायचे तिला थंडी वाजते हे कसे सांगायचे? गरजू माणूस पुष्कळदा वेलीहूनही मुका असतो. बाग करपली तर नुकसानीचा आकडा निघतो. आजीच्या कुडकुडण्याचा आकडा कोणत्याच वहीत चढत नाही, एवढाच काय तो फरक.

मग आम्हाला प्रश्न पडतो: जिच्यापासून पीक मिळणार तिच्यासाठीच आपण जागत असू, तर त्याला माया म्हणावे की हिशेब? याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी द्यावे.

बागेतला आणखी एक अनुभव येथे उपयोगी पडावा. एकच मोठा जाळ केला तर त्याची ऊब सरळ वर निघून जाते. लहान लहान शेकोट्या ठिकठिकाणी पेटवल्या तर ती ऊब वेलींजवळ राहते. ब्लँकेट वाटपाचा वर्षातून एक मोठा कार्यक्रम जरूर व्हावा. परंतु जो ज्याच्या जवळ आहे, त्याने त्याच्याकडे पाहिले तर ऊब जागच्या जागी पोहोचेल.

या आठवड्यात रात्री पारा पाहायला उठाल, तेव्हा बांधावरच्या पालाकडे आणि घरातल्या पडवीकडेही एक नजर टाका. कोणी मागण्याची वाट पाहू नका.