धरण बांधणाऱ्यांचा वाटा

ठरलेली मजुरी चुकती केली की देणे फिटले, असे व्यवहार सांगतो. काम झाले, पैसे दिले, दोन्ही बाजू मोकळ्या. या हिशेबात सकृद्दर्शनी गैर काही नाही. तरीही एका उद्यानाचा इतिहास वाचल्यापासून तो आम्हांला अपुरा वाटू लागला आहे.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिया आणि ग्रोसबेक या गावांच्या दरम्यान, फोर्ट पार्कर नावाचे राज्य-उद्यान आहे. नॅव्हासोटा नदीला बांध घालून केलेला तलाव, त्या परिसरातीलच चुनखडीच्या दगडांतून उभ्या राहिलेल्या वास्तू आणि त्यांना जोडणारे रस्ते हे त्याचे वैभव. हे सारे १९३५ ते १९४२ या काळात उभारले ते 'सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर' या सरकारी श्रमदलाच्या ३८०७ क्रमांकाच्या तुकडीने. या तुकडीतील कामगार कृष्णवर्णीय होते.

तो महामंदीचा काळ होता. १९३३ साली अमेरिकेतील दर चार कामकऱ्यांपैकी सुमारे एक बेकार होता. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी हे श्रमदल स्थापन केले. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख पुरुषांनी त्यात काम केले, शेकडो उद्याने घडवली, कोट्यवधी झाडे लावली. वेतन महिना ३० डॉलर. त्यातील बहुधा २५ डॉलर थेट घरी जात. राहणे, जेवण, कपडे सरकारकडून मिळत आणि संध्याकाळी शिकण्याचीही सोय असे. भीक न घालता काम द्यावे, आणि तेही पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडेल असे द्यावे, हा विचार आम्हांला आजही थोर वाटतो. हाताला काम मिळाले की माणसाची मान ताठ होते.

परंतु या थोर कार्याला एक तडा होता. श्रमदलाच्या कायद्यात वंश, वर्ण वा पंथ यांवरून भेदभाव होऊ नये असे स्पष्ट कलम होते. तेव्हाच्या काँग्रेसमधील एकमेव कृष्णवर्णीय सदस्य ऑस्कर डी प्रीस्ट यांनी ते घालून घेतले होते. तरीही १९३५ साली दलाचे संचालक रॉबर्ट फेक्नर यांनी गोऱ्या आणि काळ्या कामगारांच्या छावण्या वेगळ्या ठेवण्याचा आदेश दिला. छावणी सुटल्यावरही ती रेषा पुसली गेली नाही. टेक्सासची राज्य-उद्याने त्या काळी सामान्यतः गोऱ्यांसाठीच होती. १९४९ साली टायलर येथील राज्य-उद्यानात प्रवेश मिळावा म्हणून कृष्णवर्णीय नागरिकांना न्यायालयात जावे लागले. सार्वजनिक जागांतील वर्णभेद कायद्याने निषिद्ध ठरला तो १९६४ साली.

कोणी म्हणेल, उपाशी घराला २५ डॉलर हवे होते, तलावाकाठची सहल नव्हे. हे खरे आहे आणि त्याचा उपहास करण्याचा अधिकार पोट भरलेल्या कोणालाही नाही. पण भाकरी मिळाली म्हणून सन्मानाची मागणी रद्द होत नाही. धरणाच्या पायात दगड बसवताना ज्या हातांचा वर्ण आड आला नाही, त्याच हातांचा वर्ण फाटकाशी आड यावा, यात अन्याय आहे. मजुरी ही श्रमाची किंमत असते. श्रमणाऱ्या माणसाची नव्हे. माणसाला आपल्या श्रमाने उभ्या राहिलेल्या समाजात वाटाही लागतो.

त्याच उद्यानात स्प्रिंगफील्ड या लयाला गेलेल्या गावाची जुनी दफनभूमी आहे. तेथील शिळांवर नावे कोरलेली आहेत. धरणाच्या दगडांना मात्र प्रत्येक हाताचे नाव सांगता येत नाही. ते सांगण्याची जबाबदारी मग आपल्यावर, त्या तलावाकाठी निवांत बसणाऱ्यांवर, येते.

आणि ही जबाबदारी टेक्सासपुरती नाही. वाचकहो, आपल्या एखाद्या नव्या वास्तूचे उद्घाटन आठवून पाहा. फीत कापली गेली, भाषणे झाली, देणगीदारांची नावे वाचली गेली. ज्या गवंड्याने ती भिंत उचलली, तो त्या दिवशी कोणत्या रांगेत बसला होता? आणि तो तेथे होता का? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला चटकन देता आले नाही, म्हणूनच हा लेख.