ओवीत भर घालण्याचा अधिकार

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि अखेरीस वाचकांवर एक निर्बंध घातला. या ग्रंथात पदरची ओवी मिसळणे त्यांना अमृताने भरलेल्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे वाटले. मराठी पाठचिकित्सेचा इतिहास सांगताना आपण या घटनेचा गौरवाने उल्लेख करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु हा निर्बंध केवळ संपादकीय नाही, तो नैतिकही आहे, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ग्रंथाला कर्ता आहे, त्याची रचना पूर्ण झालेली आहे. सबब तीत भर घालणारा दुसऱ्याच्या मालकीत शिरतो, असा त्यामागचा विचार आहे.

अडचण अशी की ‘ओवी’ हाच शब्द दुसऱ्याही एका रचनेला लावला जातो आणि तेथील नीती याच्या नेमकी उलट आहे. जात्यावर बसलेली बाई आईकडून वा सासूकडून ऐकलेली ओवी जशीच्या तशी म्हणून थांबत नाही. ती तीत आपल्या भावाचे नाव घालते, माहेरच्या गावाचे घालते, तुळजापूरच्या वाटेचे किंवा तेरच्या गोरोबाकाकांचे घालते. नाव न घातल्यास ओवी शुद्ध राहत नाही, ती परकी राहते. एका ठिकाणी भर घालणे हा अपराध, तर दुसऱ्या ठिकाणी भर न घालणे ही उणीव. या दोन नीतींपैकी आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासाने पहिलीच नकळत स्वीकारली आणि ती दुसरीच्या प्रदेशात लागू केली, असे माझे मत आहे.

‘मूळ’ शोधण्याचा आग्रह धरणाऱ्यांना इतिहास फारसा अनुकूल नाही, हेही येथे नोंदवावे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात असा उल्लेख आहे. हा ग्रंथ ज्या कल्याणीच्या राजसभेचा, ते आजचे बसवकल्याण धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपासून दूर नाही. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे जे आधीचे ते श्रेष्ठ असा निकष लावायचा झाला, तर पोथीतील ओवी हाच मुसळाजात्यावरील ओवीचा एक पाठभेद ठरेल! हा निष्कर्ष कोणी गंभीरपणे मांडणार नाही. आणि मांडला जात नाही यातच, आपल्याला प्राचीनतेची नव्हे तर लिखिततेची ओढ असते, हे उघड होते.

पाठचिकित्सेच्या शास्त्राला मी दोष देत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती हे या शास्त्राचे आपल्याकडील मोठे यश होय. सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत (१९३३) आपला दावा जाणीवपूर्वक मर्यादित ठेवला होता : व्यासांचा मूळ शब्द नव्हे, तर उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जुने रूप. ही सावधगिरी पुढे लोकगीतांच्या संपादनात टिकली नाही. तेथे एक ‘चांगली’ संहिता निवडायची आणि उरलेल्या तळटीपांत घालायच्या, ही रीत रूढ झाली. हस्तलिखिताच्या बाबतीत तळटीप हे पुराव्याचे स्थान असते. जिवंत गायिकेच्या बाबतीत ती तिची पायरी ठरते.

छापण्याने काय घडते याचे एक परदेशी उदाहरण बोलके आहे. आयर्लंडमध्ये फिडलवर वाजवल्या जाणाऱ्या ‘रील’ या नृत्यधुनी गावागणिक, वादकागणिक बदलतात. एकच धून स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिका येथे वेगवेगळ्या नावांनी वावरते. शिकागोचे तत्कालीन पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्ये अशा १,८५० आयरिश सुरावटी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यामागे स्थलांतरितांचे प्रेम होते, यात शंका नाही. पण ऐकून टिपलेल्या अनेक रूपांपैकी जे एक छापले गेले, ते पुढच्या अनेक वादकांसाठी प्रमाण झाले. संग्राहकाने हे योजले नव्हते. कागदाने ते केले.

आता तुळजापूरकडे वळू. गोंधळाच्या उगमाची कथा सर्वश्रुत आहे : परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या शिरापासून आणि शिरांपासून वाद्य बनवले व ते आई रेणुकेपुढे वाजवले. गोंधळ्यांच्या रेणुराई आणि कदमराई या शाखांपैकी पहिलीचे नाते माहूरच्या रेणुकेशी, दुसरीचे तुळजाभवानीशी. उगमकथा माहूरची, आणि कदमराई तर तुळजापूरचे. पण म्हणून त्यांचा गोंधळ दुय्यम आहे असे धाराशिव जिल्ह्यात कोणी म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही. उगमाने अधिकार ठरत नाही, हे परंपरेला अभ्यासकांच्या आधीच ठाऊक आहे.

मग कशाने ठरतो? गोंधळाच्या आरंभी संबळ व तुणतुण्याच्या साथीने देवदेवतांना त्यांच्या स्थानांसह आवाहन केले जाते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी ही नावे बहुधा असतातच. पण ज्या घरी गोंधळ घातला जातो, त्या घराचे कुलदैवत आणि गावचे दैवत त्यांत यावेच लागते. म्हणजे क्रम, नावे, विस्तार प्रत्येक घरी बदलणार. गुरूकडून मिळालेली यादी अक्षरशः म्हणून यजमानाचे दैवत वगळणारा गोंधळी परंपरेचा पाईक ठरत नाही. तो चुकलेला असतो. ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) या ग्रंथात अल्बर्ट लॉर्ड यांनी मौखिक काव्याचा प्रत्येक प्रयोग मूळच असतो असे प्रतिपादन केले. ते मान्य करूनही मला त्यात एक भर घालावीशी वाटते : प्रत्येक प्रयोग मूळ असतो, पण प्रत्येक प्रयोग बरोबर असतोच असे नाही. जाणता गोंधळी शिष्याला टोकतो तो काहीतरी प्रमाण मानूनच. ते प्रमाण पहिल्या संहितेशी असलेल्या निष्ठेचे नाही, समोरच्या घराशी असलेल्या निष्ठेचे आहे. ‘सगळीच रूपे सारखी’ ही अलीकडची उदार भूमिका म्हणूनच मला आळशी वाटते.

येथवर मांडणी सोपी आहे. खरा पेच १९९६ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांनी निर्माण होतो. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. या ओव्या त्यांतल्याच. ओव्यांना अनुक्रम देऊन पहिली एका देवाला, दुसरी दुसऱ्याला वाहण्याचा साचा सर्वपरिचित आहे. भीमनगरातील दलित स्त्रियांनी तोच साचा आणि तोच गळा बाबासाहेब आंबेडकरांसाठी वापरला. हा पाठभेद आहे, की परंपरेशी घेतलेली फारकत? ‘समूह मान्य करील ते बरोबर’ हे वर सुचवलेले प्रमाण येथे थिटे पडते. कोणता समूह? ज्यांना देवळाच्या पायरीवर थांबवले गेले, त्यांच्या ओवीची पारख देवळाच्या आत बसलेल्यांनी करायची असेल, तर बदलाचा अधिकार ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांच्यापाशीच राहील.

माझे उत्तर असे की ओवीत भर घालण्याचा अधिकार श्रमाने येतो. ज्या हाताने जात्याचा खुंटा धरला, त्या हाताची ती ओवी. मग तीत येणारे नाव भवानीचे असो की भीमरायाचे. गोंधळ्याचेही तसेच आहे : संबळ गळ्यात अडकवून रात्र जागवणारा बदल करू शकतो, खुर्चीवर बसून ध्वनिफीत ऐकणारा नाही. आक्षेप येईल की या निकषाने अभ्यासकाच्या हाती काहीच उरत नाही. उरते : कोण गाते, कोणासाठी, कोणत्या गावी, केव्हा हे नोंदवण्याचे काम, जे आरंभीच्या अनेक संग्रहांत झाले नाही. ‘अनाम लोककवी’ हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेला काव्यमय वाटत आला. पण नाव नसलेल्या माणसाची रचना कोणीही उचलू शकतो. मूळ नाकारण्याच्या उत्साहात कर्तीलाही नाकारणे हा एकनाथांच्या निर्बंधाहून मोठा अन्याय होईल, कारण त्यांनी निदान कर्त्याच्या बाजूने तो घातला होता.

उपरोक्त प्रकल्पात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले असते. एकाच ओवीची अनेक रूपे तेथे शेजारी शेजारी नांदतात आणि कोणतेही रूप दुसऱ्याच्या तळटीपेत जात नाही. तुळजापूरच्या गोंधळाचे असे संकलन कोणी हाती घेतल्यास, पहिला रकाना ‘घर कोणाचे’ हा असावा. ‘मूळ पाठ’ या रकान्याची त्यात गरज नाही.