डेकवरचे हात

सावकाश बसा. घाई नको. पंचविशीतल्या एका वैमानिकाच्या आयुष्यातले पाच दिवस, एवढंच आज मनासमोर ठेवायचं आहे.

२ ऑगस्ट १९१७. ऑर्कनी बेटांच्या कुशीतलं स्कापा फ्लो. 'फ्युरियस' ही ब्रिटिश युद्धनौका वाऱ्याच्या तोंडावर निघाली आहे. तिच्या पुढच्या अंगाला जेमतेम सत्तर मीटरचं डेक. ते उडण्यासाठी बांधलेलं. त्यावर परत उतरायचं असं एडविन हॅरिस डनिंग या वैमानिकाने ठरवलं. (इली हा अमेरिकन १९११ मध्ये जहाजावर उतरला होता, पण ते जहाज नांगरलेलं होतं.)

आता नुसत्या वेगाकडे लक्ष द्या. जहाज २६ नॉट, समोरचा वारा २१. दोन्ही मिळून ४७. आणि सॉपविथ पपसारखं हलकं विमान जवळपास तेवढ्याच वेगावर तरंगू शकतं. शेजारच्या रुळावरून लोकल आपल्याच वेगाने धावू लागली की तिच्यातले चेहरे थबकल्यासारखे दिसतात, तसं ते विमान डेकवर थबकतं. धुराडं आणि ब्रिज यांना बाजूने वळसा घालून, तिरकं सरकत डनिंग तिथवर आला आहे. खाली माणसं धावतात, विमानाला लावलेले दोर पकडतात आणि त्याला खाली ओढून घेतात.

इथे थोडं रेंगाळा. चालत्या जहाजावरचं पहिलं अवतरण डनिंगच्या नावावर आहे, आणि ते योग्यच. पण विमानाला ब्रेक नव्हते. ते थांबवलं त्या हातांनी. त्यांचा विचार इतिहासात फार कमी होतो.

७ ऑगस्ट. त्या दिवसाचा शेवटचा प्रयत्न. आपण नीट आलो नाही असं वाटून डनिंग माणसांना दूर राहण्याची खूण करतो, पुन्हा वर जायला बघतो. इंजिन दगा देतं. विमान उजव्या कडेवरून समुद्रात पडतं. लोक पोचेपर्यंत तो बुडालेला असतो.

ती खूण मनात धरून पाहा. तिच्यात हट्ट होता की काटेकोरपणा? मला काटेकोरपणा वाटतो: चुकलेला प्रयत्न दुसऱ्यांच्या बळावर निभावून न्यायचा नव्हता.

पुढच्या वर्षी फ्युरियसला मागे उतरण्याचं डेक मिळालं. मधल्या धुराड्याच्या गरम हवेने आणि भोवऱ्यांनी तिथेही विमानं आपटत राहिली. मग सप्टेंबर १९१८ मध्ये 'आर्गस' आली, सलग सपाट डेकची. धूर डेकखालून मागे सोडलेला. वळसा घालावा असं वाटेत काही उरलंच नव्हतं.