सूड आणि स्वामिनिष्ठा

सामुराई योद्ध्यांवरील जपानी चित्रपट बहुधा तलवारबाजीसाठी पाहिले जातात. त्यांतले जे खरोखर चांगले आहेत ते मात्र प्रेक्षकाला एका अवघड प्रश्नापुढे उभे करतात: आपल्या माणसावर अन्याय झाला, तर सूड घेणे हे कर्तव्य ठरते काय?

जपानात या प्रश्नाचा सर्वपरिचित दाखला म्हणजे सत्तेचाळीस रोनिनांची हकिकत. १७०१ साली एदोच्या किल्ल्यात शस्त्र उपसल्याबद्दल असानो नामक सरदाराला स्वतःचे पोट चिरून मरण्याची आज्ञा झाली. त्याच्या निराधार झालेल्या सेवकांनी बराच काळ दबा धरून प्रतिस्पर्धी किरा याचे शिर कापले व ते धन्याच्या समाधीपुढे ठेवले. शासनाने त्यांनाही मरणाची आज्ञा दिली. लोकांनी त्यांना वीर मानले. या कथेवर कितीतरी चित्रपट निघाले.

हे आपणांस परके वाटू नये. १६९७ साली संताजी घोरपडे हा मराठ्यांचा असामान्य सेनानी मारला गेला, तो नागोजी माने यांच्या हातून. संताजीने अमृतराव निंबाळकरांना ठार केले होते आणि अमृतराव हे नागोजींच्या पत्नीचे बंधू. भावासाठी रडणाऱ्या बहिणीला तो न्याय वाटला असेल; स्वराज्याचा मात्र उजवा हात गेला. आमच्या कळमनुरीकडेही शेताच्या बांधावरून पडलेली फूट नातवंडांपर्यंत पोचते. मूळ भांडण कशावरून झाले हे त्यांना सांगता येत नाही, अबोला तेवढा इमानाने पाळला जातो.

मासाकी कोबायाशी यांच्या १९६२ सालच्या ‘हाराकिरी’ या चित्रपटाने या इमानाचीच झडती घेतली आहे. एका दरिद्री तरुणाने आपली खरी तलवार कधीच विकलेली असते. सरदारघराणे आपल्या इभ्रतीसाठी त्याला बांबूच्या पात्याने पोट चिरायला लावते. त्याचा सासरा हान्शिरो जाब विचारायला येतो. त्याने आधीच त्या घराण्यातील तिघांच्या शेंड्या कापून आणलेल्या असतात. जीव न घेता अब्रू घेतलेली. शेवटी घराण्याच्या दप्तरात आपल्या माणसांचे मृत्यू आजाराने झाल्याची नोंद होते. मानमरतब टिकतो, सत्य पुसले जाते.

याच जपानात ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते आणि सामुराई कुळात जन्मलेले पॉल मिकी होते. क्रुसावरून मिकींनी आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केली. निष्ठा त्यांनीही पाळली, प्राण देऊन पाळली. फक्त तिच्या पोटी त्यांनी वैर ठेवले नाही.

येथे एक शंका उरते, आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मिकींनी स्वतःवरील घाव माफ केला. हान्शिरोवरचा घाव जावयाच्या देहावर झाला होता. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? घरातले माणूस गमावलेल्याला पहिल्याच आठवड्यात क्षमेचा उपदेश करणारे लोक मला नेहमीच घाईचे वाटतात. त्याला आधी हवी असते ती कबुली. हान्शिरोने तलवार उपसण्यापूर्वी आपली कहाणी सबंध सांगितली होती. आपलेही चुकले एवढे त्या वाड्यातील कोणी म्हणेल काय, याची तो वाट पाहत होता. तसे कोणी म्हणाले नाही. म्हणाले असते, तर त्या अंगणात पुढचे रक्त सांडले नसते असे मला वाटते.