चढणीचा गिअर

तोरंगण घाट उतरून त्र्यंबककडून मोखाड्याच्या बाजूला आलं की एक पाडा लागतो, असं समजा. उतारावर नागली-वरई, सखलात भात. दिवाळीनंतर निम्म्या घरांना कुलूप, कारण माणसं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर गेलेली. या पाड्यावर एक आजा राहायचा. जव्हार आगारात एसटीचा ड्रायव्हर म्हणून त्याची सारी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतरही तो बाजेवर बसून, घाटातून येणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून सांगायचा की ती भरलेली आहे का रिकामी.

आजाला दोन नातवंडं, एकाच वर्षी जन्मलेली. थोरल्या मुलाची मुलगी आणि धाकट्याचा मुलगा. दोघांनाही नुकतीच सतरा पूर्ण झालेली. थोरला नाशिकला सातपूरच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं हप्त्यांवर मोटरसायकल घेतली होती, पण पावसाळ्यात तो एसटीनं जाई आणि गाडी पाड्यावर ठेवी. किल्ली आजाच्या कमरेला. धाकट्याचं घर शेजारीच, त्याचीही मोटरसायकल होती, आणि त्याची किल्ली दाराच्या चौकटीत खिळ्याला. ज्याला लागेल त्यानं न्यावी.

नातू चौदाव्या वर्षापासून गाडी चालवत होता. हात चांगला होता, हे आजाही कबूल करायचा. चिखलात, शेताच्या बांधावरून, कुठूनही गाडी काढायचा. बापाला त्याचं कौतुक. पाहुणे आले की म्हणायचा, "आमचा पोरगा मला मागं बसवून नेतो!"

एक दिवस नात आजाला म्हणाली, "आजा, कॉलेजला जायला सकाळची एसटी कधी येते, कधी येत नाही. बाबांची गाडी नुसती उभी आहे. मला शिकव."

"तुझं वय किती?"

"सतरा. पण त्याला चालते की!"

"त्याच्या बापाला चालते. कायद्याला चालत नाही. गिअरच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी फक्त बिनगिअरची, 50 सीसीपर्यंतची गाडी चालवता येते, तीही लायसन काढून. तसली गाडी तुला इथं कुणाच्या अंगणात दिसते का?"

"मग वर्षभर मी काय करू?"

"घाट शीक," आजा म्हणाला. "गाडी महिनाभरात येते. घाटाला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं घाटाच्या माथ्यावर गेले, उतरले आणि पायी खाली निघाले. पाऊस नुकताच उघडला होता. पहिल्या वळणावर आजानं तिला थांबवलं.

"काय दिसतं?"

"रस्ता. कठडा."

"नीट बघ."

मग तिला दिसलं. कठड्याचा मधला तुकडा बाकीच्या कठड्यापेक्षा नवा होता. डांबरावर टायरच्या दोन काळ्या रेघा होत्या. रस्ता उजवीकडे वळत होता, रेघा मात्र सरळ त्या नव्या तुकड्याकडे गेल्या होत्या. डोंगराच्या अंगाला पावसानं वाहून आणलेली खडी पसरली होती, नेमकी तिथंच जिथं मोटरसायकलवाला वळण कापायला आत घुसतो. पुढे झऱ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि त्याखाली शेवाळ धरलं होतं. त्याच्याही पुढे गुरं डांबरावर बसली होती. पावसाळ्यात सगळीकडे ओल, एक रस्ताच काय तो कोरडा, म्हणून जनावरं तिथं येऊन बसतात. रात्री काळी म्हैस काळ्या डांबरावर दहा पावलांवर येईतो दिसत नाही.

गाडीवरून हा घाट तिनं किती वेळा पाहिला होता. पण यातलं काही पाहिलं नव्हतं.

एका वळणाअलीकडे आजानं रस्त्याच्या कडेला काठीनं रेघ मारली. "इथून ढांगा टाक. मोठ्या. एक ढांग एक मीटर धर." अकरा ढांगा झाल्यावर तो ओरडला, "थांब! ताशी 40 नं येणारी गाडी एका सेकंदात तू आहेस तिथं पोचते. डोळ्यांनी म्हैस बघितली, डोक्यानं हाताला सांगितलं, हातानं ब्रेक धरला, यातच एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच अकरा ढांगा गेल्या. ताशी 60 असेल तर जवळजवळ सतरा." मग तो स्वतः चालत तिच्यापर्यंत आला. "आणि हे नुसतं ब्रेक धरेपर्यंतचं. गाडी थांबायला पुढचा रस्ता वेगळा. वेग दुप्पट झाला की त्याला चौपट रस्ता लागतो. ओल्या डांबरावर त्याहून जास्त."

नात वळणाकडे बघत राहिली. ती उभी होती तिथून वळणापलीकडचा रस्ता सात-आठ ढांगांपुरताच दिसत होता.

तेवढ्यात वरून एक भरलेला ट्रक आला, घुरघुरत, सावकाश. "ऐकलास आवाज? दुसऱ्या गिअरात आहे. हाच घाट तो दुसऱ्या गिअरात चढला असता, म्हणून दुसऱ्याच गिअरात उतरतोय. इंजिन त्याला मागं ओढून धरतं, ब्रेकला काम कमी. आमच्या वस्तादानं आम्हाला पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं: ज्या गिअरात चढतोस त्याच गिअरात उतर."

ट्रक गेला आणि त्याच्या मागून एक मोटरसायकल सुळकन निघून गेली. आवाज नाही, दिवा नाही. वर तिघं बसलेले, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. चालवणाऱ्यानं खाली येईपर्यंत इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती.

तो नातूच होता.

हे पेट्रोल वाचवण्याचं खूळ जव्हार-मोखाड्याच्या घाटांत घरोघरी आहे, आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. दिवसाची मजुरी आणि पेट्रोलचा भाव यांचा हिशेब ज्याला रोज घालावा लागतो, त्याला उतार फुकटाचा वाटणारच. पण हिशेबच चुकीचा आहे. एप्रिल 2020 पासून विकायला आलेल्या बीएस-6 मोटरसायकलींत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला आणि चाकंच इंजिन फिरवू लागली, की पेट्रोलचा पुरवठा बहुधा आपोआप तुटतो. म्हणजे गिअरमध्ये उतरताना पेट्रोल जवळपास जळतच नाही, उलट न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवून उतरलं तर थोडं तरी जळतं. राहिलं इंजिन बंद करणं. एप्रिल 2017 पासूनच्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतो पेटलेला राहतो. किल्ली बंद केली की तोही विझतो. धुक्यात समोरच्याला ना दिवा दिसतो ना आवाज येतो.

संध्याकाळी आजानं नातवाला बोलावलं. रागावला नाही, विचारलं. "किती वाचले?"

"वीस-पंचवीस रुपये तरी," नातू हसला. "आज्या, तुझी बस वेगळी. ही गाडी हलकी आहे. ब्रेक दाबला की जागेवर थांबते."

"बसचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन बंद केलं की कॉम्प्रेसर बंद, चार-सहा वेळा ब्रेक मारला की हवा संपली. तुझ्या गाडीला हवा लागत नाही, पण लायनर तिलाही आहेत. सबंध घाट ब्रेकवर उतरलास की ते तापतात, जळका वास सुटतो. मग तू दाबतोस आणि ते धरत नाहीत."

"माझ्या बाबतीत अजून झालं नाही."

"झाल्यावर सांगायला येशीलच असं नाही," आजा म्हणाला, आणि धाकट्या मुलाकडे वळला. "किल्ली तिथून काढ." धाकट्यानं मान हलवली. किल्ली जिथं होती तिथंच राहिली. मला या गोष्टीत नातवापेक्षा या मान हलवण्याचाच जास्त राग येतो.

श्रावणातल्या एका सकाळी घाटात दाट धुकं होतं. नातू दोन मित्रांना घेऊन धबधबे बघायला वर गेला होता आणि नेहमीसारखा इंजिन बंद करून उतरत होता. खालून भाजीचा पिकअप चढत होता. डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. चढणीवर थांबलेल्या भरल्या गाडीला पुन्हा उचलणं अवघड असतं, मागे घसरण्याची भीती असते. पिकअपवाल्यानं मंद दिवा लावला होता, वळणावर हॉर्नही दिला होता. समोरून उत्तर आलं नाही, कारण उत्तर देणारं इंजिनच बंद होतं. नातवाला पिवळा उजेड दिसला तेव्हा त्याच्याजवळ अकरा ढांगासुद्धा नव्हत्या. त्यानं ब्रेक दाबला, तो अर्धवट धरला, गाडी आतल्या अंगाच्या खडीवर घसरली आणि डोंगराला जाऊन आदळली.

कुणी मेलं नाही. पिकअपवाला पळून गेला नाही, त्यानंच 108 ला फोन लावला. (जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी नाव-गाव सांगायची सक्ती करू नये, असं कायद्यात आता स्पष्ट आहे, कलम 134अ. तरी लोक घाबरून निघून जातात.) आधी मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, मग तिथून नाशिक. जव्हार-मोखाडा या दोन तालुक्यांत मोठी इजा झाली की शेवट नाशिकलाच. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायदाही सुवर्ण तास म्हणतो, आणि इथं त्यातला बराचसा रस्त्यातच जातो. नातवाची मांडी मोडली होती. एका मित्राच्या डोक्याला मार होता, तो बरा झाला, पण दहावीचं वर्ष गेलं.

मग कागद सुरू झाले. मोटार वाहन कायद्यात 2019 साली 199अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. चालवणाऱ्याकडे लायसनच नसेल तर समोरच्याला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते.

पाड्यावर कुणी म्हणालं, हे कायदे शहरातल्यांसाठी. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे मोटारीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, त्याला आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. पण त्या निबंधावर देशभर ओरड झाली, आणि मुलाच्या बापाला पोलिसांनी धरलं, तेही खरं. किल्ली कोट्यवधीच्या मोटारीची असो की हप्त्यावरच्या मोटरसायकलची, ती पोराच्या हाती कुणी दिली, हाच प्रश्न दोन्हीकडे विचारला जातो.

धाकट्याला दंडापेक्षा एक गोष्ट जास्त लागली. बारावीनंतर पोरानं पिकअप चालवायचा, जव्हार-नाशिक भाडी मारायची, असं घरात ठरलेलं होतं. मोखाड्यासारख्या तालुक्यात वर्षभर चालणारं काम म्हणजे ड्रायव्हिंगच, बाकी सगळं पावसावर किंवा भट्टीवर. ते काम आता आठ वर्षं लांब गेलं. ज्याचा हात घरात सगळ्यांत चांगला, त्यालाच.

एकदा नातू कुबड्यांवर आजाकडे आला. म्हणाला, "मला गाडी चालवता येत होती, आज्या."

"येत होती," आजा म्हणाला. "घाट येत नव्हता. पाय बरा झाला की चल माझ्याबरोबर, चालत."

नातीला अठरा पूर्ण झाल्यावर तिनं शिकाऊ लायसन काढलं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. आजानं तिला तीस दिवसांनी जाऊ दिलं नाही. मागे बसून त्यानं तिला आधी कोरड्या रस्त्यावर फिरवलं, मग पावसात, मग धुक्यात. हेल्मेट दोघांनाही, पट्टा लावून. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जातं, हे त्यानं नोकरीत डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या सगळ्यानंतर एक दिवस त्यानं कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

पावसाळ्यात दाभोशाचा धबधबा बघायला मुंबई-नाशिकहून या घाटांत येणाऱ्यांनीही चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, आणि उतारावर इंजिन बंद करू नये. आणि ज्यांच्या घरात अठराच्या आतलं पोर आहे त्यांनी, ते कितीही छान चालवत असलं तरी, गाडीची किल्ली आजच आपल्या खिशात घालावी.