पुन्हा येसकरी नको



मागच्या महिन्यात आमच्या विहारात बैठक होती. विषय वस्तीच्या पाण्याचा. पाण्यावरून बोलणं घसरलं बांगलादेशींवर. एक पोरगा उठला. चळवळीतला, धडपड्या, १४ एप्रिलला रात्रभर जागणारा. म्हणाला, "आधी हे बांगलादेशी हाकला, मग पाणी पुरंल." दुसरा म्हणाला, "नागरिकत्वाच्या कायद्यात बौद्ध हा शब्द आहे. आपण यादीत आहोत. मग आपण कशाला बोंबलायचं?" टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो. घरी आलो तर झोप येईना. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हे लिहितोय.

माझा आजा येसकर होता. करमाळा तालुक्यातल्या एका गावाचा. हातात काठी, खांद्यावर घोंगडं. रात्री वेशीवर उभं राहायचं. परका माणूस दिसला की हटकायचं : कोण रे, कुठला, कुणाकडं आलास? आणि पाटलाला जाऊन सांगायचं. गावाची हद्द त्याला तोंडपाठ. हद्दीचा तंटा झाला की साक्षीला महार पाहिजे. पण ज्या वेशीची त्यानं जन्मभर राखण केली, त्या वेशीच्या आत त्याचं घर नव्हतं. मोबदला काय, तर दारोदार मागून आणलेली शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं, तेव्हा आजा चिडला होता, असं घरात सांगतात. वतन गेलं तर गावात मान काय राहील, म्हणायचा. कसला मान? दुसऱ्याला हटकायला मिळतं, एवढ्या सुखावर माणूस आपलं वेशीबाहेरचं जिणं विसरतो. त्या पोराचं बोलणं ऐकताना मला आजाची काठी वाजल्यागत वाटलं.

ज्यांना आपण 'बांगलादेशी' म्हणतो, त्यांच्यातले कोण आपले कोण लागतात, हे आधी समजून घेऊ. १९४६ साली बाबासाहेबांना घटना समितीत जायचं होतं. मुंबईतून वाट बंद झाली होती. त्यांना निवडून दिलं बंगालनं. बारिसालच्या जोगेंद्रनाथ मंडलांनी आणि तिथल्या नमःशूद्र समाजानं त्यासाठी जिवाचं रान केलं. पुढं फाळणीत ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. पण पहिलं दार उघडलं ते त्या दलदलीतल्या नावाड्यांनी आणि कुळांनी. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. १९५० साली, आपल्या माणसांची कत्तल थांबत नाही म्हणून राजीनामा देऊन कलकत्त्याला आले. त्यांच्यामागं त्यांचा समाज आला, पुढची वीस-पंचवीस वर्षं येतच राहिला.

आल्यावर काय झालं? आधी आलेल्या भद्रलोकांनी कलकत्त्याच्या आसपास वसाहती केल्या. नंतर आलेल्या नमःशूद्रांना मालगाडीत कोंबावं तसं दंडकारण्यात पाठवलं. १९५८ साली त्यासाठी प्रकल्पच काढला. नदीकाठचा माणूस मलकानगिरीच्या खडकाळ माळावर. १९७७ साली बंगालमध्ये डावी आघाडी सत्तेवर आली. विरोधात असताना यांनीच म्हटलं होतं, निर्वासितांना बंगालमध्येच जागा द्या. त्या शब्दावर विसंबून १९७८ मध्ये हजारो लोक निघाले आणि सुंदरबनातल्या मरिचझांपी बेटावर उतरले. बांध घातले, शाळा काढली, दवाखाना काढला, होड्या बांधल्या. सरकारकडं छदाम मागितला नाही. सरकार म्हणालं, हे राखीव जंगल आहे. जानेवारी १९७९ मध्ये बेटाभोवती पोलिसांच्या लाँचा लावल्या. अन्नपाणी तोडलं. गोळीबार झाला. मे महिन्यात झोपड्या जाळून उरलेल्यांना परत हाकललं. मेल्यांचा सरकारी आकडा बोटांवर मोजण्याइतका. वाचलेली माणसं शेकड्यांनी सांगतात.

पाणी तोडलं, मित्रांनो. चवदार तळ्याच्या लेकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच समाजाची गावं आपल्या गडचिरोलीतही आहेत, चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत. बंगालमध्ये ते अनुसूचित जातीत, महाराष्ट्राच्या यादीत मात्र त्यांची जात नाही. जातीचे चटके बरोबर आले, सवलत हद्दीवर राहिली.

आणि देश सोडून निघण्यालासुद्धा जात असते. १९४७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहिलं होतं. सफाईसारखी कामं अत्यावश्यक सेवा ठरवून पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना तिकडून निघू देत नाही, ही त्यातली तक्रार. घाण कोण काढणार, हा सवाल ना! आणि जे कसेबसे इकडं आले त्यांना छावण्यांत भेदभाव. छावणीत राहिलं नाही तर शिधा नाही. म्हणजे तिकडचं दार आतून बंद आणि इकडचं अर्धवट उघडं.

आता कायद्याकडं या. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही. निर्वासितांचा स्वतंत्र कायदाही आपल्याकडं नाही. त्यामुळं कुणाला आसरा द्यायचा हे सरकारच्या मर्जीवर. २००३ च्या दुरुस्तीनं ठरवलं, की आईबापांपैकी एक जरी बेकायदेशीर घुसखोर असला, तर इथं जन्मलेलं लेकरूही नागरिक नाही. तो घाव नमःशूद्रांवर बसला. मग २०१९ चा कायदा आला. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन यांना वाट. मुसलमान नाही. नियम निघाले मार्च २०२४ मध्ये. आणि त्यात तिकडून आल्याचा कागद मागतात. अंगावरच्या कपड्यानिशी पळालेला माणूस कागद कुठला आणणार?

आपलं नाव यादीत आहे म्हणणाऱ्या मित्राला मी चकमांचं सांगतो. चकमा बौद्ध आहेत. पूर्व पाकिस्तानात कप्ताईच्या धरणात त्यांची जमीन बुडाली. १९६४ पासून त्यांना आजच्या अरुणाचलात वसवलं. त्यांच्या नागरिकत्वाचा तंटा सहा दशकं चाललाय. २०१९ च्या कायद्यातली ही वाट इनर लाइन परमिटच्या भागाला लागू नाही आणि अरुणाचल त्यात येतं. बौद्ध हा शब्द कायद्यात आहे, पण हे बौद्ध जिथं आहेत तिथं तो कायदा नाही. तामिळनाडूच्या छावण्यांत १९८३ पासून श्रीलंकेतले तमिळ आहेत, त्यांच्यात चहामळ्यातले दलित मजूरही आहेत. बहुतेक हिंदूच. पण त्यांचा देश यादीत नाही. यादी करणारा हात दुसऱ्याचा असला, की आपलं नाव कधी आत, कधी बाहेर. मनूनंही यादीच केली होती.

मी भाबडा नाही. पाणी कमी आहे, काम कमी आहे, हे मलाही दिसतं. दंडकारण्यात निर्वासितांना दिलेली जमीन आदिवासींच्या वहिवाटीची होती. एका नागवलेल्याच्या ताटातलं काढून दुसऱ्या नागवलेल्याला वाढलं, हेही खरं. आसामचा, अरुणाचलचा माणूस आपली भाषा आणि जमीन जाईल म्हणून घाबरतो. ती भीती खोटी म्हणून मी उडवून लावणार नाही. पण सवाल असा, की येणाऱ्याचा भार नेहमी सगळ्यात खालच्याच माणसाच्या डोक्यावर का? बंगल्यांच्या कॉलनीत छावणी उभारल्याचं कुणी ऐकलंय? आणि आमच्या वस्तीचं पाणी त्या चार बंगाली बिगाऱ्यांनी प्यालं, की पलीकडच्या टॉवरच्या पोहण्याच्या तलावात गेलं?

कागदाचं म्हणाल तर आपलंही ऐका. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई गाव सोडून मुंबईत आली. नाल्याच्या काठाला झोपडी घातली. १९७६ च्या जानेवारीत झोपड्यांची मोजणी झाली. आई त्या दिवशी तापानं फणफणून घरात पडली होती, म्हणून आम्हाला फोटोपास मिळाला. शेजारची मावशी बांधकामावर गेली होती. झोपडी बंद, नाव नाही. एका तापानं आम्ही कायदेशीर आणि ती बेकायदेशीर! पुढं तिची झोपडी मोडली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आरं, मला त्या दिशी ताप नसता तर?"

हा सवाल आसाममध्ये १९ लाख माणसांना पडलाय. ऑगस्ट २०१९ च्या यादीत त्यांची नावं आली नाहीत. २०२५ साली महाराष्ट्रात राबणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकललं आणि नंतर परत आणावं लागलं. आपण परदेशी नाही हे ज्याचं त्यानं सिद्ध करायचं, हे कलम १९४६ च्या कायद्यात होतं, २०२५ च्या नव्या कायद्यातही आहे. ज्याच्या सात पिढ्यांना सातबारा मिळाला नाही त्यानं हे कसं सिद्ध करायचं? आज बंगाली बोलणारा सापडतो. उद्या पालावरचा पारधी सापडेल. परवा आपण.

म्हणून माझं म्हणणं असं. देशाला हद्द असावी, नियम असावेत. पण आसरा मागणाऱ्याला 'तू कुणाचा' हे विचारू नका. 'तू कशाला भिऊन पळालास' हे विचारा. नियम सगळ्या धर्मांना आणि सगळ्या देशांना एकच असावा. म्हणणं ऐकल्याशिवाय कुणाला हाकलू नये. घटनेचं कलम २१ फक्त नागरिकासाठी नाही, कुठल्याही माणसासाठी आहे, आणि सुप्रीम कोर्टानं १९९६ साली चकमांच्याच खटल्यात ते बजावलंय. आणि आलेल्यांचा भार सगळ्यांनी वाटून घ्यावा, एकट्या वस्तीनं नाही.

वतन गेलं, तशी माझ्या बापानं आजाची काठी चुलीत घातली. आता कुणीतरी आपल्या पोरांच्या हातात नवी काठी देतंय आणि सांगतंय, देशाच्या वेशीवर उभं राहा, परक्याला हटका. पोरं खूश आहेत. पण आपलं घर आत आलंय का, हे आधी बघा.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. पाण्याचा विषय तसाच पडलाय. या खेपेला मी गप्प बसणार नाही.

जयभीम.